खाण कामगार संघटनांच्या नेत्यांना खुलं पत्र: आपल्या मागणीपत्रात पाणी कधी येणार?

डिचोली, गोवा

आदरणीय नेतेमंडळी,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका खाण ब्लॉकच्या, पर्यावरण मंजुरीसाठी झालेल्या जनसुनावणीत आपल्या युनियनच्या लेटरहेडवरचं एक पत्र वाचून दाखवलं गेलं. समस्त कामगारवर्गाचा या प्रकल्पाला बिनशर्त पाठिंबा आहे, असं त्यात लिहिलेलं. मी त्या मंडपात मागच्या बाजूला उभा होतो. मी तुमचा सभासद आहे, वर्गणीच्या पावत्या माझ्या घरी आहेत, आणि हे पत्र द्यायच्या आधी माझ्याशी किंवा आमच्या वाड्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही कामगाराशी कोणी एक शब्द बोललेलं नाही. जनरल बॉडी बोलावली नाही, कमिटीतल्या दोघातिघांना विचारलं तर त्यांनाही पत्र सुनावणीतच कळलं म्हणे. खाण सुरू व्हावी असं मलाही वाटतं, त्याबद्दल वाद नाही. पण एकही अट न घालता आमच्या नावाने पाठिंबा देऊन टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हे मला सगळ्यांच्या समोर विचारायचंय. म्हणून हे पत्र घरी आणून न देता उघड लिहितोय.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे हा कुठून बोलतोय ते कळेल. मी 1998 साली खाणीवर हेल्पर म्हणून लागलो, नंतर डंपर, मग पोकलेन चालवायला शिकलो आणि 2018 पर्यंत त्याच सीटवर होतो. माझे वडील बार्जवर होते, मांडवीतनं माल मुरगावला न्यायचे. घरी थोडी शेती, पावसाळी सरद भात आणि पाणी असलं तर उन्हाळी वायंगण, मागे चार माडांचं कुळागर आणि एक विहीर. म्हणजे दिवसा मी खाणीत माती काढायचो आणि पावसात तीच माती व्हाळातनं, म्हणजे ओढ्यातनं, माझ्या शेतात यायची. आमच्या तालुक्यात असा मी एकटा नाही, शिरगाव, मये, मुळगाव, अडवलपाल, लामगाव कुठेही जा, अर्ध्या घरांची हीच गोष्ट. त्यामुळे सुनावणीत एका बाजूला कामगार आणि दुसऱ्या बाजूला गावकरी असे दोन गट बसवले जातात ना, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण माझा सख्खा चुलतभाऊ त्या दिवशी समोरच्या बाजूला होता, त्याच्या शेताला पाणी नाही म्हणून, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी त्याला ओरडून खाली बसवलं.

आता पाण्याचं बघा. आपल्याकडे वर जांभा दगड आणि त्याच्या खाली खनिजाचा थर, आणि जमिनीतलं पाणी बरंचसं त्या खनिजाच्या थरातच साठलेलं असतं. खड्डा खोल गेला, भूजलाच्या पातळीच्या खाली गेला, की पाणी आत येतं आणि ते उपसल्याशिवाय माल काढता येत नाही. मग पंप लागतात आणि ते रात्रंदिवस चालतात. पंप चालले की आजूबाजूच्या विहिरी उतरतात, ह्याला इंजिनीअर लागत नाही, पोकलेनवाल्याला ते बेंचवरनं, म्हणजे खड्ड्याच्या पायरीवरनं, दिसतं. शिरगावच्या विहिरींचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं ते याच कारणाने. आमच्या विहिरीचा तळ पूर्वी मे अखेरीला दिसायचा, खाण जोरात होती त्या वर्षांत मार्चमध्येच दिसायला लागला आणि बायकामाणसं पीडब्ल्यूडीच्या टँकरची वाट बघत रस्त्यावर बसायला लागली. त्या बायका कोणाच्या? तुमच्या सभासदांच्याच.

आणि दुसरं ती ओबी, म्हणजे मालावरची टाकाऊ माती. एक टन माल काढायला अडीच-तीन टन टाकाऊ माती काढावी लागते, ती डंपवर म्हणजे ढिगावर जाते, आणि आपल्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. डंपला पायऱ्या नीट काढल्या नाहीत, खाली दगडाची भिंत नाही, गाळ अडवायचे खड्डे मे महिन्यात साफ केले नाहीत, की पहिल्या मोठ्या पावसात सगळं व्हाळात आणि तिथून शेतात. तो गाळ काय असतो ते ज्यांनी तरवा लावलाय त्यांनाच माहीत. बारीक, तांबडा, चिकट, ओला असताना पाय ओढतो आणि दोन दिवस ऊन लागलं की असा घट्ट बसतो की बोटाने तरव्याची काडी आत जात नाही. माझ्या आईने लावणी अर्ध्यावर सोडून दिली ते वर्ष मला आठवतं. नुकसानभरपाईचा फॉर्म भरला, पैसे आले ते बियाण्याला पुरले नाहीत. पण मला जास्त लागलं ते वेगळंच, डंपच्या खाली भिंत बांधायला हवी हे आमच्या शिफ्टमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि युनियनच्या मागणीपत्रात ती भिंत कधी आली नाही. बोनस आला, युनिफॉर्म आला, चवथीचा ॲडव्हान्स आला, ते सगळं हवंच होतं. पण भिंत नाही.

का आली नाही, तर मीटिंगमध्ये काहींनी विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं की हा आपला विषय नव्हे, तो पंचायतीचा आणि पर्यावरणवाल्यांचा. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. कारण तो आपला विषय नव्हे म्हटल्यामुळेच आपली नोकरी गेली.

जरा मागे जाऊन बघा. चीनची मागणी वाढली, आपल्या हलक्या प्रतीच्या मालालाही भाव आला आणि 2010-11 साली गोव्यातल्या बंदरांतनं पाच कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला, त्यात थोडा कर्नाटकातला होता पण बहुतेक आपलाच. कोणाच्या ईसीत, म्हणजे पर्यावरण मंजुरीत, किती टन लिहिलंय आणि प्रत्यक्षात किती निघतंय, लिजची म्हणजे खाणपट्ट्याची हद्द कुठे संपते आणि मशीन कुठपर्यंत गेलंय, हे पणजीत बसलेल्याला माहीत नसेल पण कामगाराला माहीत असतं. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, 7 सप्टेंबर 2012 ला संसदेत ठेवला गेला, तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, 5 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचाही बंदीचा आदेश आला. अहवालात नुकसानीचा अंदाज सुमारे 35 हजार कोटींचा. 21 एप्रिल 2014 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं सगळं खाणकाम बेकायदेशीर, आणि पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर सरकारने 88 लिजांचं पुन्हा नूतनीकरण केलं, तेही 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने रद्द केलं आणि 16 मार्चपासून परत सगळं बंद.

19 मार्च 2018 ला आपण पणजीत उतरलो, मांडवीचा पूल अडवला, लाठ्या खाल्ल्या. मी पण होतो. आमचा राग खरा होता, घरी ट्रकचे हप्ते, मुलांची फी, सगळं समोर दिसत होतं. पण त्या दिवशी स्टेजवरनं सांगितलं गेलं की आमचे शत्रू पर्यावरणवाले. नेतेमंडळी, पर्यावरणवाले कोर्टात गेले हे खरं, पण त्यांना कोर्टात जायला कागद कोणी पुरवला? मर्यादेबाहेर माल काढणाऱ्यांनी. दोन कोटी टनांची मर्यादा पहिल्यापासून पाळली असती तर खाण जास्त वर्षं चालली असती, माझा मुलगा पण कदाचित त्याच खाणीवर लागला असता. जो माल वीस वर्षं पुरायचा तो पाच वर्षांत काढला तर कामगाराची पंधरा वर्षं गेली, हे साधं गणित आहे, आणि हे गणित मांडायचं काम युनियनचं होतं. मर्यादा ही आपल्या नोकरीची हमी आहे असं तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं.

आणि बंदीत काय मिळालं? 2014 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की बंदीच्या काळात हजेरीपटावरच्या कामगारांना मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के द्या. हजेरीपटावरच्या. ठेकेदाराकडे होते ते, ट्रकवरचे क्लिनर, गॅरेजवाले, चहाच्या गाड्यावाले, त्यात कुठेच नाहीत, आणि त्यांच्यासाठी आपणही कुठे उभे राहिलो नाही. मग मे 2022 मध्ये सरकारने जुन्या लिजधारकांना एका महिन्यात जागा खाली करायला सांगितलं आणि डिसेंबर 2022 पासून लिलाव सुरू झाले, पहिल्या ब्लॉकांतले बहुतेक आपल्याच डिचोली तालुक्यातले. लिलावात ब्लॉक घेणाऱ्याने जुन्या कामगारांना घेतलंच पाहिजे असं एमएमडीआर, म्हणजे खाण-खनिजांच्या केंद्रीय कायद्यात कुठलंही कलम नाही. म्हणजे तुम्ही ज्याला बिनशर्त पाठिंबा दिला त्याने आम्हाला घ्यायचं बंधन नाही, आणि घेतलं तरी ठेकेदारामार्फत घ्यायला त्याला कोणी अडवत नाही. त्या पत्रात निदान एवढी एक ओळ तरी लिहायची होती.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो. 1952 च्या खाण कायद्याखालच्या नियमांत कामगाराची दर पाच वर्षांनी डॉक्टरी तपासणी, छातीचा एक्स-रे, हे लिहिलेलं होतं. कायम कामगारांचं ते कमीजास्त व्हायचं. पण रिपोर्ट आपल्या हातात कधी आला? माझ्या हातात नाही आला. ठेकेदारीवरच्या पोरांचं तर विचारूच नका. पोकलेनच्या केबिनचा एसी बंद पडला की काच उघडी ठेवूनच काम करावं लागतं, नाकाला बांधलेला रुमाल संध्याकाळी तांबडा, खोकलं की तेच. ती धूळ माझ्या फुफ्फुसात गेली तर तो कामगारांचा विषय आणि रस्त्याच्या कडेच्या शाळेतल्या पोरांच्या फुफ्फुसात गेली तर तो पर्यावरणाचा, ही वाटणी कोणी केली? ट्रकवर ताडपत्री बांधली, रस्त्यावर पाणी मारलं, माल ठरल्या वजनाइतकाच भरला तर दोघंही वाचतात. 2017 साली सत्तरीत सोनशीच्या 45 गावकऱ्यांना धुळीसाठी ट्रक अडवले म्हणून अटक झाली, ते तुरुंगात होते. तेव्हा एकाही कामगार संघटनेने त्यांच्या बाजूने पत्रक काढल्याचं मी तरी वाचलं नाही.

याच गोव्यात वेगळं पण घडलेलं आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. सत्तरच्या दशकात रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरनं रापण हे मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, उभे राहिले, ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेली तेव्हा. माथानी साल्ढाणांसारखी माणसं त्यात होती, आंदोलन वर्षानुवर्षं चाललं आणि 1980 चा मासेमारी नियमन कायदा आला. ती मजुरीची लढाई होती की समुद्राची? दोन्ही एकच होती, मासळी संपली तर रापण ओढून करायचं काय. आजही 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात म्हणून, आणि बहुतेक मच्छीमार ती बंदी पाळतात कारण पुढचा सीझन त्यावर आहे. समुद्रावरच्या माणसाला जे कळतं ते आम्हा खाणवाल्यांना कळणार नाही असं तुम्ही का धरून चाललाय?

आणि खाणीचंच उदाहरण हवं तर छत्तीसगडचं घ्या. दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणी, भिलाई स्टीलला माल देणाऱ्या, तिथे शंकर गुहा नियोगींनी ठेकेदारीवरच्या कामगारांची युनियन बांधली. त्यांनी पूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध करून माणसांचं काम वाचवलं, दारूबंदीचं काम केलं, 1983 मध्ये कामगारांच्या वर्गणीतनं आणि श्रमातनं शहीद हॉस्पिटल उभं केलं, आणि जंगल, पाणी हे युनियनचे विषय मानले. 28 सप्टेंबर 1991 ला त्यांचा खून झाला. भोपाळमध्ये 1984 च्या वायुकांडाच्या दोन वर्षं आधी कारखान्यातल्याच कामगारांनी शहरात पोस्टर लावून धोका सांगितला होता, कोणी ऐकलं नाही. धोका पहिल्यांदा दिसतो तो आत काम करणाऱ्याला. त्यालाच गप्प बसवलं तर बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पर्यावरणाचं काम करणाऱ्या मित्रांनाही इथेच दोन शब्द सांगतो, कारण ते पण हे वाचतील. तुम्ही कायद्याची लढाई जिंकलात, तुमच्यामुळे विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत जायचा आदेश झाला, चांगलं झालं. पण खाण बंद झाली त्या दिवसापासून कामगाराने खायचं काय, ते उत्तर पण याचिकेतच मागायला हवं. आमच्या वाड्यावर येताना व्हाळाचं पाणी तपासायची बाटली घेऊन येता, तसंच आमच्या घरात बसून पगाराची स्लिप पण बघा. 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतसुद्धा कामगारांच्या रोजगाराचा विचार करा असं लिहिलंय, तर तालुक्यातल्या याचिकेत ते लिहायला काय हरकत आहे.

पैसा नाही असंही नाही. 2015 पासून जिल्हा खनिज निधी आहे, उत्तर गोव्याचा वेगळा, दक्षिणेचा वेगळा, लिलावातल्या लिजांकडनं रॉयल्टीच्या 10 टक्के त्यात जातात आणि जुन्या लिजांकडनं 30 टक्के जायचे. त्याच्या नियमांतच पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण, कौशल्य प्रशिक्षण ह्यांना आधी द्या असं लिहिलंय. डंप पक्के करणं, त्यावर झाडं लावणं, व्हाळ आणि तळ्यांतला गाळ काढणं, बांध दुरुस्त करणं, हे सगळं काम मशीनचं आणि माणसांचंच आहे आणि मशीन चालवणारे आम्ही घरी बसलोय. ज्या पोकलेनने डंप उभा केला त्याच पोकलेनने शेतातला गाळ काढता येतो. हे काम वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे. खाण सुरू असो की बंद, ते करावंच लागणार. ह्या कामासाठी तुम्ही मंत्र्यांकडे शिष्टमंडळ घेऊन गेल्याचं मात्र मला आठवत नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, सरळ लिहितो.

पहिली, ते पाठिंब्याचं पत्र मागे घ्या. सुनावणी 2006 च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या, अधिसूचनेनुसार होते, लेखी म्हणणं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येतं, तिथे लिहून द्या की आधीचं पत्र सभासदांना विचारल्याशिवाय दिलं होतं. नंतर जनरल बॉडी बोलवा, ठेकेदारीवरच्यांनाही बोलवा, आणि ईआयए अहवालाचा मराठी-कोकणी सारांश तिथे मोठ्याने वाचा, मग काय ते ठरवू.

दुसरी, पाठिंबा द्यायचाच तर अटी घालून द्या. जुन्या कामगारांना आधी घ्यायचं, थेट कंपनीच्या हजेरीपटावर. भूजलाच्या खाली जायचं असेल तर आजूबाजूच्या विहिरींची पातळी दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लावायची. डंपची भिंत आणि गाळाचे खड्डे 31 मेच्या आत तयार, नाहीतर पंप आणि मशीन बंद, आणि त्या दिवसांचा पगार कामगाराला पूर्ण. ही शेवटची अट सोडू नका, कारण चूक मॅनेजमेंटची आणि पगार आमचा कापला जातो म्हणूनच आमची माणसं तोंड उघडत नाहीत.

तिसरी, मर्यादेबाहेर माल निघतोय, हद्द ओलांडली जातेय, असं कुठल्या कामगाराने सांगितलं तर युनियनने त्याच्या मागे उभं राहायचं. हे लेखी ठराव म्हणून हवंय.

तब्येतीच्या तपासणीचा रिपोर्ट प्रत्येकाच्या हातात मिळावा, ट्रकवाल्यांसकट. आणि जिल्हा खनिज निधीतनं गाळ आणि डंपच्या कामाचा आराखडा मागायला युनियन, गावच्या ग्रामसभा आणि पर्यावरणवाले अशी तिघांची एकत्र बैठक घ्या. मये, मुळगाव, शिरगाव, कुठेही घ्या, जागेची सोय आम्ही करतो, चुलतभावाला घेऊन मी येतो.

ह्या पत्राचं उत्तर मला पुढच्या जनरल बॉडीत लेखी हवंय. तारीख तुम्ही ठरवा, पण दुसऱ्या ब्लॉकची सुनावणी लागायच्या आधीची ठरवा, नोटीस 30 दिवस आधी निघते तेव्हा वेळ आहे. बैठक झाली नाही तर त्या सुनावणीत आम्ही काही सभासद उभे राहून युनियनच्या पत्राच्या विरोधात आमच्या नावाने बोलू आणि इतिवृत्तात नोंदवायला लावू.

आपला,
एक सभासद, मशीन ऑपरेटर
डिचोली तालुका